मठाराच्या खुणा

परवा दिवाळीसाठी अर्धापूरच्या बाजारात तांब्याचे घंगाळ पाहत होतो. अंगभर मठाराचे ठोके. पण बुडाच्या कडेला, हातोडी न पोचलेल्या जागी, सारख्या गोल रेघा. म्हणजे घाट लेथवरचा : फिरत्या साच्यावर चकती दाबून उतरवलेला. ठोके मागाहून. ही लबाडी म्हणावी का? पुण्याच्या तांबट आळीत मठार केवळ नक्षी नव्हे. ठोक्यांनी तांबे कठीण होते. पण साच्यावर दाबतानाही ते होतेच! मग ठोके उरले शोभेला. तरी ठोकणाऱ्याचा हात दुखला असेल, तो काही खोटा नव्हे.

"घडण यंत्रावरची आहे बरं का, गुरुजी," दुकानदार न विचारताच म्हणाला. भाव मात्र हातकामाचाच सांगितला; आणि मी तो दिला.