संगोपनाची मर्यादा

अपत्यांचे संगोपन हे गृहस्थाश्रमातील एक प्रमुख कर्तव्य होय. परंतु ते कोठवर करावे, याविषयी घरोघरी दोन पक्ष आढळतात. एक पक्ष म्हणतो, मुलाला उन्हाची तिरीपही लागू देऊ नये. त्याचे दुःख आपण झेलावे, त्याची चूक आपण निस्तरावी. दुसरा म्हणतो, टक्केटोणपे खाल्ल्यावाचून मनुष्य घडत नाही. म्हणून त्याला बालपणापासूनच कठोरपणे वागवावे. पहिल्यापाशी वात्सल्य आहे, दुसऱ्यापाशी अनुभव आहे. आणि दोघांच्याही घरी खचलेली, भरकटलेली मुले दिसतात. मग चुकते ते कोठे?

या प्रश्नावर एका दूरच्या, अतिशीत प्रदेशातील माळ्यांचा अनुभव चांगला प्रकाश टाकतो. कॅनडात मॅनिटोबा आणि सस्कॅचेवान हे विस्तीर्ण माळरानांचे प्रांत आहेत. तेथे हिवाळ्यात पारा कधी कधी शून्याखाली ४० अंशांपर्यंत उतरतो आणि जमीन खोलवर गोठून पाषाणवत् होते. अशा ठिकाणी लिलीसारखे सुकुमार फूल जगेल, असे कोणासही वाटणार नाही. तथापि तांबड्या रंगाची एक रानलिली तेथे आपोआप उगवते. सस्कॅचेवान प्रांताने १९४१ साली तिलाच आपले मानचिन्ह ठरवले. घरोघरच्या बागांतही उन्हाळा आला की लिलीचे ताटवे फुलतात.

लिलीचा कंद मोठा नाजूक असतो. कांद्याला वरून कोरडे टरफल असते. लिलीच्या कंदाला तसले कवच नाही, त्याची मांसल दले उघडीच असतात. असा कंद तेथे तगतो, तो बहुधा बर्फाच्या पांघरुणाखाली. बर्फाच्या कणांमध्ये हवा कोंडलेली असते आणि ती जमिनीतील ऊब सहसा बाहेर जाऊ देत नाही. म्हणून थंडी कडाक्याची, पण बर्फ भरपूर, अशा वर्षी कंद वाचतात. बर्फ थोडा पडला तर पुष्कळ कंद दगावतात. दुसरा धोका याहून विलक्षण आहे. हिवाळ्याच्या मध्येच काही उबदार दिवस आले की जमीन वितळते आणि पुन्हा गोठते. या फुगण्या-आकसण्याने कंद वर उचलले जातात, त्यांची मुळे तुटतात. वसंताच्या आरंभी क्षणिक उबेला भुलून जो कोंब लवकर वर येतो, तो पुढच्या हिमाने करपतो. आणि शेंडा करपला की त्या कांड्याचे त्या वर्षीचे फूल गेलेच.

म्हणून जाणता माळी घाई करत नाही. जमीन गोठेपर्यंत तो थांबतो. मगच पेंढ्याचे किंवा सूचिपर्णी वृक्षांच्या फांद्यांचे आच्छादन घालतो. ते आधीच घातले तर जमीन उबदार राहते आणि उंदीर तेथे बिळे करतात. आच्छादनाचा हेतू थंडी नाहीशी करणे हा नसून, थंडी आणि ऊब यांचा लहरी खेळ थांबवणे हा आहे. किंबहुना थंडीचा काही काळ भोगल्यावाचून लिलीचे बहुतेक कंद नीट फुलतच नाहीत. वसंत आला की माळी ते आच्छादन थोडे थोडे काढून घेतो. पाण्याचा निचरा मात्र तो अगोदरच करून ठेवतो, कारण साचलेल्या पाण्यात कंद कुजतो.

घरातही असेच घडते. परीक्षेत अनुत्तीर्ण झालेल्या मुलाचा विचार करावा. एक पिता गुण वाढवून घेण्यासाठी शिक्षकांच्या घरी खेटे घालतो. दुसरा पाहुण्यांदेखत मुलाचा पाणउतारा करतो. तिसरा अपयश झाकत नाही आणि उगाळतही नाही. रात्री मुलाचे ताट रोजच्या जागी मांडलेले असते. पहाटे पिता त्याला रोजच्या वेळी उठवतो आणि पुस्तक घेऊन शेजारी बसतो. अपयशाची थंडी मुलाला सोसावीच लागते. परंतु आपले घर पूर्वीसारखेच आपले आहे, हे त्याला कळलेले असते. मूल मोडते ते बहुधा संकटाने नव्हे, तर आज लाड आणि उद्या लाथाडणे या घरातल्या लहरीने.

यावर कठोरतेचा पक्षपाती एक आक्षेप घेईल. मॅनिटोबातील ड्रॉपमोर येथे फ्रँक स्किनर (१८८२–१९६७) नावाचे प्रसिद्ध वनस्पतिसंवर्धक होऊन गेले. १८९५ साली स्कॉटलंडहून आलेल्या या गृहस्थांनी त्या हवेत टिकतील अशा लिली, लायलॅक आणि इतर अनेक फुलझाडांच्या नव्या जाती निर्माण केल्या. अशा कामाची रीत निष्ठुरच असते. बियांपासून वाढवलेली रोपे हिवाळ्याच्या स्वाधीन करायची, मरतील ती मरू द्यायची, उरतील त्यांतून निवड करायची. तेव्हा आक्षेपक विचारील, निसर्गाचा हाच नियम असेल तर मुलांच्या बाबतीतही तोच का नको?

याचे उत्तर स्किनर यांच्या चरित्रातच आहे. १९११ साली न्यूमोनियाने त्यांच्या एका फुप्फुसाचा भाग निकामी झाला. अंगमेहनतीची कष्टाची कामे झेपेनाशी झाल्यावर ते फुलझाडांच्या संवर्धनाकडे पूर्णपणे वळले. रोपांना लावला जाणारा नियम तेव्हा कोणी त्यांनाच लावला असता, तर ते निवडीतून केव्हाच बाद झाले असते आणि त्या माळरानावरील कित्येक बागा सुन्या राहिल्या असत्या. माळ्याला जात टिकवायची असते, म्हणून तो रोप गमावू शकतो. मातापित्यांपुढे जात नसते; एकच, नावाने हाक मारता येणारे मूल असते. तेथे निवडीचा अधिकार कोणालाही नाही. जे मूल दुर्बल, त्याच्यावर आच्छादन अधिक काळ ठेवावे, इतकाच फरक करता येतो.

शिवाय हिवाळा माळ्याने आणलेला नसतो; तो येणारच असतो. मुलाच्या आयुष्यातही वियोग, अपयश, आजार हे न बोलावता येतात. ते शिकवण्यासाठी मातापित्यांनी स्वतः हिवाळा होण्याचे कारण नाही. आणि ते अडवण्याचे सामर्थ्यही त्यांच्यापाशी नाही. त्यांच्या हाती आहे ते मुळाशी निचरा ठेवणे, योग्य वेळी पांघरूण घालणे आणि योग्य वेळी ते काढून घेणे. या तिहींत शेवटचे काम सर्वांत कठीण. ज्या हातांनी पांघरूण घातले, त्याच हातांनी ते उचलताना वात्सल्याची खरी परीक्षा होते. त्यानंतर कोंब वर येतो, तो आपल्या बळावर.