वहीतला गडी

कसबे तडवळ्याच्या शिवारालगतच्या एका गावात शाळेनं मुलांना गावाचा इतिहास लिहायला सांगितला. एका सालगड्याची नात मालकाच्या वाड्यावर गेली. तिथल्या जुन्या वह्यांत बैलांची नावं होती. तिच्या आबांचं मात्र नाव नव्हतं. नुसतं 'गडी', पुढं उचल आणि खाड्यांच्या तिथी. वाड्यातले म्हणाले, "आम्ही गड्यांना पोटच्या पोरासारखं सांभाळलं. तसं लिही."

तिनं तसं लिहिलं आणि घरी वाचून दाखवलं. आबा गप्प राहिले.

"आबा, हे खरं हाय का?"

"खरं इचारतंय कोण? बाबासाहेब 1941 ला तडवळ्याच्या परिषदेला आले, तवा माजा बाप चालत गेलता. ते तरी कुटं लिवलंय?"

पोरीनं हे गुरुजींना सांगितलं. गुरुजींनी तिच्या हातात लक्ष्मण गायकवाडांचं 'उचल्या' ठेवलं. म्हणाले, "हे धनेगावचे, आपल्याच जुन्या उस्मानाबाद जिल्ह्यातले. इंग्रजांच्या 1871 च्या कायद्यानं त्यांच्या जमातीसारख्या कित्येक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं. त्या घरांतली भूक आणि मार सरकारी कागदात नव्हता. तो या पुस्तकात आला. तसंच अमेरिकेत फ्रेडरिक डग्लस गुलामीतून पळाला. गुलाम सुखात आहेत, असं मालक सांगत होते. त्यानं 1845 साली मालकांच्या नावागावांसह आपलं आयुष्य छापलं. ती गुलामी मोडणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांनाच जोतीरावांनी 1873 मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली."

रात्री नातीनं आबांना 'उचल्या' वाचून दाखवलं. बऱ्याच वेळानं आबा म्हणाले, "लिव. पाडव्याला साल ठरायचं. उचल फिटायच्या आत पुढली घ्यावी लागायची. तुजी आजी बाळंतपणात गेली, पोळ्याच्या दुसऱ्या दिशी. त्या दिसाचा बी खाडा धरला."

असं वेठीचं कर्ज 1976 च्या कायद्यानं रद्द झालं होतं. आबांना ते कुणी सांगितलं नव्हतं. त्यानंतरही कित्येक सालं ते उचल फेडत राहिले.

नातीनं पहिलं लिखाण बाजूला ठेवलं आणि गुरुजींसोबत पुन्हा वाड्यावर गेली. वही उघडली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी खाडा लिहिलेला होता. वाड्यातल्यांनी तो स्वतः वाचला आणि पोटच्या पोराची गोष्ट पुन्हा काढली नाही. शाळेच्या इतिहासात आबांचं पूर्ण नाव आणि त्यांचं सांगणं छापलं गेलं.

तात्पर्य: मालकाच्या वहीत राबणाऱ्याचा हिशेब असतो, आयुष्य नसतं. ते ज्यानं भोगलं त्यानंच सांगावं लागतं, आणि ते लिहून ठेवल्याशिवाय गावाचा इतिहास खरा होत नाही.