जकातमाफीचा धर्म

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८६७ साली नागपूरला पोचली आणि वऱ्हाडच्या कापसाला मुंबईचं बंदर जवळ आलं. धामणगाव हे या मार्गावरचं कापसाचं गाव. नावातला ‘रेल्वे’ ते आजही मिरवतं. जिनातली रुई प्रेसमध्ये गाठी होऊन मुंबईला जायची, तिथून लँकेशायरला, युरोपला आणि पुढे जपानला. व्यापार वाढला तसे त्या त्या देशांचे कॉन्सल, म्हणजे व्यापाराचं हित पाहणारे प्रतिनिधीही मुंबईत आले. निप्पॉन युसेन कैशा या जपानी कंपनीच्या आगबोटी १८९३ मध्ये मुंबईला येऊ लागल्या, त्या मुख्यतः कापसासाठी. लगोलग १८९४ मध्ये जपानने मुंबईत कॉन्सलची कचेरी उघडली.

कॉन्सलसाठी मायदेशाहून सामान यायचं. कचेरीचा शिक्का, झेंडा, कागद, टेबलखुर्च्या. शिवाय घरचे कपडे आणि दारूच्या बाटल्या. १८७८ च्या सागरी जकात कायद्याने एखाद्या मालाची जकात माफ करण्याचा अधिकार गव्हर्नर जनरलच्या हाती दिला होता. कॉन्सल हा राजदूत नव्हे, म्हणून माफी हा त्याचा हक्क मानला जात नसे. त्याचं सरकार ब्रिटिश कॉन्सलला जी सवलत देई, ती बघून त्याला दिली जाई. त्यातही पगारी कॉन्सल वेगळा आणि मुळात पेढीवाला असून मानद कॉन्सल झालेला व्यापारी वेगळा. दोघांच्या दारावर राजचिन्हाची पाटी सारखीच असली, तरी दुसऱ्याच्या घरात दुकानही होतं.

सगळे कर भरतात तेव्हा एकाने का भरू नये? हा प्रश्न कायद्याचा आहे, त्याआधी धर्माचा आहे.

कौटिल्याने त्यावर विचार केलेला दिसतो. अर्थशास्त्रातल्या शुल्काध्यक्षाच्या प्रकरणात लग्नाचं सामान, माहेरून निघालेल्या मुलीबरोबरच्या वस्तू, यज्ञ, बाळंतपण, देवपूजा, मुंज यांसाठीचा माल जकातीतून सोडला आहे, आणि या नावाखाली खोटं सांगणाऱ्याला चोराची शिक्षा सांगितली आहे. सूट मालाच्या कामाला आहे. मनुस्मृतीत मात्र माफीच्या दोन तऱ्हा एकत्र नांदतात. नावेचा उतार गर्भवतीकडून आणि संन्याशाकडून घेऊ नये, असं ती सांगते. तिथे माणसाची अवस्था पाहिली जाते. पण तीच स्मृती राजा मरायला टेकला तरी त्याने श्रोत्रिय ब्राह्मणाकडून कर घेऊ नये, असंही बजावते. वेदाध्ययन समाजासाठी आहे, हे तिचं कारण मानलं, तरी एकदा माफी जन्माला चिकटली की काम मागे पडतं आणि जात पुढे येते. इतिहासात तेच झालं.

मत्तयाच्या शुभवर्तमानात येशू पेत्राला विचारतो की राजे जकात कुणाकडून घेतात, आपल्या मुलांकडून की परक्यांकडून? परक्यांकडून, असं पेत्र म्हणतो. मग मुलं मोकळी, असं येशू सांगतो. पण लोकांना अडखळण होऊ नये म्हणून मंदिराचा कर भरायलाही लावतो. माफीचा हक्क असूनही ती न घेणं, ही त्या गोष्टीतली मोठी बाब आहे.

याच्या अगदी उलट प्रकार बंगालमध्ये घडला. १७१७ च्या फर्मानाने फर्रुखसियरने ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला तीन हजार रुपयांच्या बदल्यात बिनजकाती व्यापाराची मुभा दिली. ती कंपनीच्या मालासाठी होती. कंपनीच्या नोकरांनी त्या माफीच्या दस्तकांवर, म्हणजे परवान्यांवर, स्वतःचा खाजगी माल फिरवला आणि देशी व्यापारी जकात भरभरून बुडाला. नवाब मीर कासिमने तक्रारी केल्या, वाटाघाटी केल्या, आणि शेवटी १७६३ मध्ये सगळ्यांचीच जकात उठवली. कंपनीच्या नोकरांना आता एक पैही जास्त भरावी लागणार नव्हती. तरी ते संतापले आणि प्रकरण लढाईपर्यंत, पुढच्या वर्षी बक्सरपर्यंत गेलं. त्यांना जकात चुकवायची नव्हती. शेजाऱ्याने ती भरत राहावी, एवढंच हवं होतं. विशेषाधिकाराचा खरा चेहरा इतका उघडा क्वचितच दिसतो.

वऱ्हाडने ही विषमता मिठात चाखली. १८८२ मध्ये सरकारने बहुतेक आयात जकाती उठवल्या, लँकेशायरच्या कापडावरचीही. मिठावरचा कर राहिला. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात तर विहिरीचं पाणीच खारं, आणि त्यातून मीठ काढायला बंदी. एप्रिल १९३० मध्ये अकोला जिल्ह्यातल्या दहीहांड्याला लोकांनी त्याच पाण्याचं मीठ केलं ते या कायद्याविरुद्ध. समुद्र इथून कोसो दूर आहे, पण भाजीत चिमूटभर मीठ टाकणारी मजूर बाई दर वर्षी सरकारला देणं देतच होती. कॉन्सलच्या बाटलीची माफी तिच्या बाजूला ठेवूनच तोलली पाहिजे. ही माफी अन्याय्य होती असं म्हणता येत नाही. परक्या राज्याच्या प्रतिनिधीवर कर बसवून त्याला कोंडीत धरता येऊ नये, यात शहाणपण आहे. पण ते शहाणपण शिक्क्याला, झेंड्याला आणि कागदाला जितकं लागू पडतं तितकं बाटलीला पडत नाही.

जगाने हा फरक पुढे लिहून ठेवला. १९६३ च्या व्हिएन्ना कराराने पगारी कॉन्सलला घरच्या वापराच्या वस्तूंचीही माफी दिली, मानद कॉन्सलला मात्र फक्त कचेरीच्या सामानाची: राजचिन्ह, झेंडा, पाट्या, शिक्के, पुस्तकं, फर्निचर. या सवलती व्यक्तीच्या फायद्यासाठी नाहीत, कामासाठी आहेत, असं करार सुरुवातीलाच सांगतो. अमरावती जिल्ह्यातल्याच गाडगेबाबांना हा भेद कराराविना कळला होता. त्यांनी पंढरपूर, नाशिक, आळंदीला धर्मशाळा उभ्या केल्या त्या यात्रेकरूंसाठी. स्वतःच्या हाती गाडगंच ठेवलं.

आता धामणगाव तालुक्यातून समृद्धी महामार्ग जातो, आणि जकातीचा जुना प्रश्न टोलनाक्यावर उभा राहतो. देशातल्या राष्ट्रीय महामार्गांवरच्या टोलमाफीच्या यादीत राष्ट्रपती आणि राज्यपाल आहेत, तशी रुग्णवाहिका आणि शववाहिनीही आहे. कौटिल्याचा निकष लावला तर शेवटच्या दोघींबद्दल शंका उरत नाही. पहिल्या नावांना मात्र दर वेळी विचारायला हवं की गाडी कोणत्या कामाला निघाली आहे. जवळच्या कौंडण्यपुराहून रुक्मिणीची पालखी पंढरपूरला जाते आणि आषाढीला राज्य सरकार वारकऱ्यांच्या वाहनांना टोल माफ करतं. त्यासाठी पास घ्यावा लागतो. पासावर वारी लिहिलेली असते, म्हणून तो लग्नाच्या वऱ्हाडाला चालत नाही, आणि चालू नयेच.