कातिल कोण?

आठवीला जलप्रदूषण शिकवताना आम्ही अमेरिकेतल्या सिअ‍ॅटल शहराची हकीकत सांगितली. तिथल्या ओढ्यांत कोहो जातीचे सॅमन मासे दर शरदात समुद्रातून अंडी घालायला परततात. शहरावर जोराचा पाऊस झाला की काही तासांत ते पाण्याच्या वर येतात, तोंड वासतात, भेलकांडतात आणि अंडी पोटात ठेवूनच मरतात. काही ओढ्यांत शंभरातले चाळीस, काहींत नव्वदसुद्धा.

कारण शोधायला वर्षं गेली. २०२०च्या डिसेंबरात शास्त्रज्ञांनी ते जाहीर केलं: मोटारींचे टायर. रबराला भेगा पडू नयेत म्हणून त्यात ‘६पीपीडी’ नावाचं रसायन घालतात. हवेतल्या ओझोनचा मार ते स्वतःवर घेतं, पण तसं करताना त्याचंच एक विष बनतं. टायरची भुकटी रस्त्यावर पडते आणि पावसाचं पाणी हे विष गटारातून ओढ्यात नेतं. २०२२मध्ये कॅनडातल्या प्रयोगांत थंड ओढ्यांतले ट्राउट मासेही, निदान दोन जातींचे, याच विषाने मेले.

“सर, मग कातिल कोण?” मागच्या बाकावरच्या मुलीने विचारलं.

आम्ही गप्प झालो. गाडीवाला? तो पोरांना शाळेत सोडायला निघालेला. टायरवाल्याने टायर फुटून माणूस मरू नये म्हणून रसायन घातलेलं. गटार बांधणाऱ्याला रस्त्यावर पाणी तुंबू द्यायचं नव्हतं. सगळ्यांची नियत साफ, आणि अमलाचं मोल नियतीवर ठरतं हे तर आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. (आमच्या स्कूटरचं मागचं टायर पार गुळगुळीत झालंय. ते रबर गेलं कुठे, हे कधी मनातही आलं नव्हतं.)

पण नियतीची सफाई बेखबर माणसाला शोभते. खबर लागल्यावर तीच सबब पुढे करणं म्हणजे स्वतःला फसवणं. त्यातही सगळ्यांना एका तराजूत तोलता येत नाही. गाडीवाल्याला बाजारात दुसरं टायर मिळत नाही. टायर बनवणाऱ्याला रसायन बदलण्याचा शोध घेता येतो, आणि नगरपालिकेला गटाराची वाट बदलता येते.

ते अवघडही नाही. विषाचं नाव कळण्याआधीच तिथल्या संशोधकांनी रस्त्यावरचं पाणी वाळू आणि कंपोस्टच्या थरातून गाळून कोहोंना दिलं होतं. न गाळलेल्या पाण्यातले मेले, गाळलेल्यातले जगले. म्हणजे इलाज आधी सापडला, रोगाचं नाव मागून.

दुसऱ्या दिवशी त्या मुलीला हे सांगितलं. तिने वहीत उतरवून घेतलं, पण तिचं समाधान झालेलं दिसलं नाही.