परक्या नगरीतले पहिले दिवस



माणूस एकटा परक्या नगरीत उतरला की त्याला भय वाटते. हे भय कशाचे? वाट चुकेल, पैसे जातील, भाषा कळणार नाही, असे आपण सांगतो. मीही तसेच सांगत असे. आमच्या जव्हार-मोखाड्याकडच्या वारकऱ्याला एकट्याने जाण्याची सवयच नाही. पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांच्या यात्रेसाठी आम्ही त्र्यंबकेश्वरी जातो ते दिंडीने. पुढे पताका, मध्ये वीणा, भोवती टाळकरी. चुकायचे म्हटले तरी चुकता येत नाही.

२०१५ साली पंजाबात घुमान येथे ८८वे मराठी साहित्य संमेलन भरले. नामदेवरायांची ती कर्मभूमी, परंतु तेव्हा प्रकृतीमुळे जाणे झाले नाही. दोन वर्षांनी निघालो, तर सोबतचा टाळकरी आयत्या वेळी अडला. एकटाच अमृतसरला उतरलो.

स्टेशनाबाहेर गुरुमुखीतल्या पाट्या. देवनागरी वाचता येते, मोडीही येते, पण तिथे मी अडाणी. रात्री लॉजच्या खोलीत हरिपाठाला बसलो आणि आवाज फुटेना. भिंतीपलीकडचा काय म्हणेल? सप्ताहात शेकडो माणसांसमोर उभा राहणारा मी, चार भिंतींत लाजलो. उद्या दर्शन घ्यावे आणि परतीची गाडी धरावी, असे ठरवून झोपलो.

सकाळी हरिमंदिर साहिबला गेलो. जोडे ठेवण्याच्या जागी एका वृद्ध सरदारजींनी माझ्या मळक्या वहाणा दोन्ही हातांनी घेतल्या. आमच्याकडेही कीर्तनाला गेलो की कोणी माझ्या वहाणा उचलून ठेवी, आणि तो माझा मान आहे असे मी धरून चाललो होतो. हे गृहस्थ मला ओळखत नव्हते. माझ्यामागच्या हमालाच्या वहाणाही त्यांनी तशाच घेतल्या.

लंगरात पंगतीला बसलो. दोन्ही हात पुढे केले, हातांवर रोटी आली. नाव, गाव, जात कोणी विचारले नाही. तेव्हा रात्रीचे भय उमगले. तिथे मला ‘महाराज’ म्हणणारे कोणी नव्हते, हेच ते भय! वाट आणि भाषा ही नुसती निमित्ते होती. जेवून उठलो आणि ताटे घासणाऱ्यांत जाऊन उभा राहिलो. शेजारच्याने सरकून जागा दिली. त्याला भाषा लागली नाही. त्या रात्री हरिपाठ मोकळ्या आवाजात झाला.

तिसऱ्या दिवशी बसस्थानकावर ‘घुमान’ एवढाच शब्द घेऊन उभा होतो. एका बाईंनी विचारले, ‘बाबा नामदेव?’ मी मान हलवली. त्यांनी हाताला धरून बसमध्ये बसवले.

नामदेवरायांनी पहिली तीर्थयात्रा केली ती ज्ञानेश्वर माउलींच्या संगतीने. १२९६ साली माउलींनी समाधी घेतली, आणि पुढे ते उत्तरेकडे गेले तेव्हा ती संगत नव्हती. पंढरीत देवाचा लाडका असलेल्या या पुरुषाला पंजाबात कोण ओळखणार? तरी परंपरा सांगते की ते वीसेक वर्षे तिथे राहिले. त्यांची ६१ पदे आज गुरु ग्रंथ साहिबात आहेत. मान मागणाऱ्याला गाव चार दिवस ठेवते, सेवा मागणाऱ्याला आपले म्हणते.

इथे कोणी शंका घेईल, ‘महाराज, तुम्ही यात्रेला गेलात, परत येणार होतात. आमची पोरे दिवाळीनंतर भिवंडी-वसईकडे वीटभट्टीवर नि बांधकामावर पोटासाठी जातात. कोणी मुंबईत एकटाच राहतो. त्याला तिथे ‘ए’ म्हणून हाकारतात. त्यानेही हा अहंकाराचा नाश समजून सोसावे काय?’

शंका खरी आहे. आपण होऊन मोठेपण उतरवले तर ती साधना, दुसऱ्याने हिसकावले तर तो अपमान. ज्याला मोठेपण कधी मिळालेच नाही त्याला नम्रतेचा उपदेश करणे हा अधर्म होय. त्याला मी एवढेच सांगेन. बाळा, गळ्यातली माळ लपवू नकोस. पहिल्याच दिवशी नेमाची वेळ ठरव, ती वेळ तुझे घर होईल. वाट विचारायला लाजू नकोस. जवळ भजन कुठे चालते ते शोध आणि तिथे सतरंजी घालायला लाग.

बाकीचा उपदेश तुम्हां-आम्हांला. आपल्यातले कितीतरी जण शहरांत आधीच स्थिरावले आहेत. गावचा पोर नवा आला की त्याच्या पहिल्या आठवड्यात एकदा त्याला जेवायला बोलवावे, नावाने हाक मारावी. आपल्या एस.टी. स्टँडवर परका उतरला तर त्यालाही विचारावे, ‘माउली, कुठे जायचे?’ माझ्या वहाणा ज्या हातांनी घेतल्या, त्या हातांचे ऋण पंजाबात जाऊन फेडणे आता मला होणार नाही. ते इथेच फेडायचे आहे.

रामकृष्णहरि.