आम्ही आणि आपण

मैदानात एकदाही पाऊल न टाकलेला माणूस सायंकाळी घरी येऊन ‘आम्ही जिंकलो’ असे सांगतो, तेव्हा त्या ‘आम्ही’त तो स्वतःला कोणत्या अधिकाराने बसवतो? प्रश्न वरकरणी थट्टेचा वाटेल. परंतु ज्यांचे निम्मे आयुष्य बदलीच्या गावी गेले, त्यांनी तो थट्टेवारी नेऊ नये, असे आम्हांला वाटते. आपल्या मुलखापासून दूर राहणाऱ्या माणसाने ‘आम्ही’ हा शब्द फार जपून वापरावयाचा असतो. आमच्या हातून तो एकदा बेसावधपणे वापरला गेला, त्याची ही हकिगत आहे.

उन्हात धावणारा खेळाडू दमतो, आपण सावलीत बसून त्याच्या धावा मोजतो. विवेकी माणूस म्हणेल की दुसऱ्याच्या पराक्रमावर असे मिरवणे म्हणजे उसने दागिने घालून लग्नाला जाणे होय. हे म्हणणे खोडून काढणे सोपे नाही. तथापि एक गोष्ट त्या विवेकी माणसाच्या हिशेबात बसत नाही. आपला संघ हरला म्हणून ज्याला त्या रात्री जेवण जात नाही, तो काय उसने आणतो? दागिना उसना मागता येतो. दुःख कोणी उसने मागत नाही. तेव्हा या वेडात दिखाऊपणाखेरीज आणखी काहीतरी आहे, हे मान्य करावे लागते.

ते काय आहे, हे हंगाम चालू असताना कळत नाही. हंगामात उत्साह स्वस्त असतो. खरी परीक्षा मधल्या रिकाम्या महिन्यांत होते. आमचा एक भाचा अमेरिकेत असतो. तो तेथील महाविद्यालयांच्या फुटबॉलविषयी सांगतो ते ऐकण्यासारखे आहे. हा खेळ तेथे १८६९ सालापासून चालत आला आहे, आणि मिशिगन विद्यापीठाच्या क्रीडांगणात एका वेळी लाखाहून अधिक माणसे बसतात. ऑगस्टअखेरीस सुरू झालेला हंगाम जानेवारीत संपला की पुढले सात महिने त्या माणसांना करमत नाही. कोणता मुलगा कोणत्या महाविद्यालयात जाणार, वसंतातल्या सरावात कोण चमकला, याचीच चर्चा ती करीत राहतात. आणि हंगाम उजाडला की सामन्याच्या कितीतरी तास आधी मैदानाबाहेर मोटारी उभ्या करून, त्यांची मागली फळी खाली पाडून, त्या फळीवर घरचे जेवण मांडतात. शेगड्या पेटतात, ओळखीचे-अनोळखी सारे जेवतात. प्रतिपक्षाचा माणूस वाटेने जात असला तर त्यालाही थट्टा करून बोलावतात आणि त्याच्या हातात ताटली देतात. भाच्याने हे नवल म्हणून सांगितले. आम्हांला त्यात नवल वाटले नाही. कुंभकोणमला आम्ही ते पाहिले होते.

१९७२ च्या पावसाळ्यात आमची बदली कुंभकोणमला झाली. कावेरी आणि अरसलार या दोन नद्यांच्या मधले हे देवळांचे गाव. मद्रासहून लहान मापाच्या गाडीने रात्रभराचा प्रवास. मुंबईची वर्तमानपत्रे टपालाने शिळी होऊन येत. मराठी बोलणे ऐकू येईना म्हणून आम्ही पहिले काही दिवस उदास होतो. पुढे चौघांचा एक मेळा जमला. एक आम्ही. दुसरे रेल्वेतले एक नागपूरकर. तिसरे शेजारचे वृद्ध गृहस्थ, ज्यांना सारी गल्ली ‘रायर’ म्हणे. त्यांचे पूर्वज तंजावरच्या भोसल्यांच्या आश्रयाने या बाजूला आलेले. आणि चौथे आमच्याच कचेरीतले हेडक्लार्क, पक्के तमिळ, क्रिकेटचे आमच्याहून मोठे जाणकार. संध्याकाळी रायरांच्या ओसरीवर पितळी डबरा-पेल्यातून कॉफी येई आणि बोलणे सुरू होई.

त्या वेळी रणजी करंडक मुंबईने १९५८-५९ पासून ओळीने चौदा वेळा जिंकलेला होता. अर्थात आमच्या ‘आम्ही’ला मोठा डौल होता. परंतु त्या ओसरीवर तो डौल चालत नसे. नागपूरकर विदर्भाचे, त्यांच्या संघाने करंडकाचे स्वप्नही पाहिलेले नव्हते. मुंबईचा जयजयकार चालला की ते शांतपणे म्हणत, “तुमचे अभिनंदन.” आपली भाषा तीच असून ‘आम्ही’ वेगळे असू शकतात, हे आम्हांला त्यांनी शिकवले. आणि रायर? ते घरात मराठी बोलत, देव्हाऱ्यासमोर मराठी पदे म्हणत, आणि सामन्यात मात्र तमिळनाडूच्या बाजूने असत. एकदा न राहवून आम्ही त्यांना विचारले, “रायर, तुम्ही मराठी असून मुंबईच्या विरुद्ध?” ते आपल्या जुन्या वळणाच्या मराठीत म्हणाले, “अडीचशे वर्षांपेक्षा जास्त झाली, आम्ही या नदीचे पाणी पितो. तुम्ही दोन वर्षांनी जाल. आम्ही कोठे जाणार?” यावर उत्तर नव्हते. निष्ठा जन्माने मिळते की वास्तव्याने, हा प्रश्न पोथ्यांत वाचला होता. तो समोर बसून कॉफी पीत असलेला प्रथमच पाहिला.

त्या हंगामाचा अंतिम सामना १९७३ साली मद्रासला चेपॉकवर ठरला, आणि समोरासमोर आले ते मुंबई आणि तमिळनाडू. १९३४ साली रणजी स्पर्धेचा पहिला सामना झाला तो याच मैदानावर. आम्ही चौघांनी रजा काढली. रायरांचे नातेवाईक मैदानाजवळच ट्रिप्लिकेनला राहत, तेथे उतरलो. घरातल्या बायका पहाटे उठून चिंचेचा भात, दहीभात आणि तळलेले सांडगे केळीच्या पानांत बांधून देत. त्यात आमच्या गाठोड्यातल्या तिखटमिठाच्या पुऱ्यांची भर पडे. खेळ सुरू होण्यापूर्वी मैदानाबाहेर झाडाखाली बसून त्यातले अर्धे संपे. शेजारी कोण बसले आहे, ते कोणाच्या बाजूचे, हे न विचारता पुड्या इकडून तिकडे फिरत.

खेळपट्टी फिरकी घेणारी होती. वेंकटराघवन आणि व्ही. व्ही. कुमार हे मोठे फिरकी गोलंदाज तमिळनाडूकडे असल्याने सारे मैदान आशेने भरले होते. झाले उलटेच. मुंबईने १५१ आणि ११३ धावा केल्या. तमिळनाडूचा डाव पहिल्यांदा ८० धावांत आणि दुसऱ्यांदा ६१ धावांत कोसळला. मुंबईच्या पद्माकर शिवलकरांनी दोन्ही डावांत मिळून अवघ्या ३४ धावांत १३ गडी टिपले. तिसऱ्या दिवशी पहिल्याच चेंडूवर सामना संपला. दिवसभराच्या शिदोऱ्या तशाच बांधलेल्या होत्या. आम्ही चौघे मरीनाच्या वाळूत गेलो. हेडक्लार्कांनी पाने मांडली आणि आम्हांला आधी वाढले. “जिंकलेल्यांचा मान पहिला,” एवढेच ते म्हणाले. त्यांचे डोळे लाल होते. आम्ही पोटभर जेवलो.

पुढच्या सोमवारी कचेरीत एका फाईलला उशीर झाला. हेडक्लार्क समोर उभे होते, बाजूला दोघे कारकून. आमच्या तोंडून निघून गेले, “तुमचे फलंदाज दोन दिवसांत सारे आटोपतात, मग तुम्हांला फाईल का आटोपत नाही?” कारकून हसले; त्यांना हसणे भागच होते. हेडक्लार्क हसले नाहीत. “येस सर,” म्हणून ते फाईल घेऊन गेले, आणि त्या संध्याकाळपासून ओसरीवर येईनासे झाले.

या एका वाक्यात किती अन्याय भरला होता, हे उमगायला आम्हांला उन्हाळा लागला. ओसरीवर हेच बोललो असतो, तर त्यांनी त्याच्या दुप्पट ऐकवले असते आणि सारे हसले असते. ओसरीवर चौघे समान होते. कचेरीत टेबलाच्या एका बाजूला सत्ता होती. ज्याला उत्तर देण्याची मुभा नाही, त्याच्याशी केलेली थट्टा ही थट्टा उरत नाही. खेळात पक्षपात निर्दोष असतो. कारण प्रतिपक्षालाही तेवढाच पक्षपात करण्याचा हक्क असतो. हा निर्दोष पक्षपात आम्ही खिशात घालून कचेरीत आणला, आणि जेथे पक्ष घेणेच निषिद्ध, तेथे तो वापरला. शिवाय जो विजय आम्ही त्यांच्यावर फेकला, तो आमचा होता तरी कोठे? तो ज्या शिवलकरांनी मिळवला, त्यांना प्रथम दर्जाच्या सामन्यांत ५८९ बळी घेऊनही एकही कसोटी सामना खेळावयास मिळाला नाही. ते २०२५ च्या मार्चमध्ये निवर्तले. ‘आम्ही जिंकलो’ म्हणणाऱ्यांपैकी किती जणांनी त्यांच्या वाट्याची उपेक्षा वाटून घेतली? विजयात भागीदार आणि उपेक्षेत परके, असा हा आमचा ‘आम्ही’ होता.

एप्रिल आणि मे गेले. क्रिकेट नव्हते. कावेरीचे पात्र कोरडे पडले होते. १८५४ साली स्थापन झालेले जुने सरकारी महाविद्यालय जिच्या काठी आहे, त्या नदीच्या वाळूत पोरे लाकडाचे ढलपे घेऊन चेंडू टोलवीत. घाटाच्या पायऱ्या मात्र कोणीतरी रोज झाडी. पाणी नसलेल्या घाटाची ही झाडलोट आम्हांला आधी निरर्थक वाटे. पण ते गावच वाट पाहणारांचे आहे. तेथील महामहम उत्सव बारा वर्षांनी एकदा येतो. १९६८ चा होऊन गेला होता, पुढचा १९८० साली यावयाचा होता. मधली सारी वर्षे त्या तळ्याच्या काठचे सोळा मंडप रिकामे उभे असतात, आणि लोक रोज तळ्यापुढे हात जोडून कामाला जातात. त्या उन्हाळ्यात आमच्या लक्षात आले की ओसरीवरची आमची एक जागा रिकामी आहे, आणि ती जागा झाडण्याचे काम आमचे आहे. आम्ही हेडक्लार्कांच्या घरी गेलो. माफी मागितली. ती चांगली जमली नाही. वरिष्ठाला क्षमा मागण्याचा सराव नसतो. त्यांनी कॉफी दिली, हवापाण्याचे बोलले, आणि आम्ही परतलो.

जूनच्या मध्यास मेट्टूरचे धरण उघडण्याची त्या प्रांतात रीत आहे. नदीला पाणी आले. ऑगस्टच्या आरंभी आडी महिन्याचा अठरावा दिवस आला. त्या दिवशी बायका नदीची पूजा करतात, हळद-फुले, काळे मणी पाण्यात सोडतात. आणि घरोघरी चिंचेचा, लिंबाचा, नारळाचा, दह्याचा असे तऱ्हेतऱ्हेचे भात करून सारी कुटुंबे काठावर जेवतात. त्या सकाळी हेडक्लार्कांचा मुलगा निरोप घेऊन आला: वडिलांनी घाटावर बोलावले आहे. आम्ही तिघेही गेलो. पान मांडलेले होते. सामन्याविषयी कोणी काही बोलले नाही. जेवताना फक्त रायर म्हणाले, “मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असे दोन शब्द आहेत. तमिळमध्येही आहेत: ‘नांगळ्’ आणि ‘नाम्’. इंग्रजीत एकच. म्हणून कचेरीत घोटाळा होतो.” आम्ही मान खाली घालून भात कालवीत राहिलो.

ऐकणाऱ्याला वगळतो तो ‘आम्ही’. त्याला सामावून घेतो तो ‘आपण’. लेखकाने स्वतःला ‘आम्ही’ म्हणावे ही जुनी रीत, आणि साहेबाने म्हणावे हीही जुनीच. क्रीडांगणावर ‘आम्ही’शिवाय गंमत नाही, हे खरे. दोन बाजू नसतील तर खेळ कसला? म्हणून रायरांनी तमिळनाडू सोडावे, नागपूरकरांनी विदर्भ सोडावा, असे आम्हांला मुळीच वाटत नाही. आमचे म्हणणे इतकेच की हा ‘आम्ही’ हंगामापुरता खांद्यावर घ्यावा आणि जेवताना खाली ठेवता यावा. तो खाली ठेवण्याची सवय रिकाम्या महिन्यांत लागते, जेव्हा धावफलक नसतो आणि एका ओसरीवर येण्याला एकमेकांखेरीज दुसरे कारण नसते. खेळाचे वेड माणसाला हे शिकवीत असेल, तर ते फुकट गेले असे कोणी म्हणू नये.

१९७४ साली बंगलोरला उपांत्य सामन्यात कर्नाटकाने मुंबईला हरवले आणि ओळीने पंधरा विजयांची परंपरा संपली. विदर्भाने करंडक पहिल्यांदा जिंकला तो २०१७-१८ च्या हंगामात. ते पाहावयास आमचे नागपूरकर स्नेही उरले नव्हते. बंगलोरची बातमी आली त्या संध्याकाळी आम्ही घरीच बसून होतो. ओसरीवर जाण्याचे धैर्य होईना. उसने फेडण्याची वेळ आली, असे वाटले. दिवेलागणीला दार वाजले. हेडक्लार्क हातात डबा घेऊन उभे होते. डब्यात दहीभात होता. ते आत येऊन बसले आणि तमिळमध्ये म्हणाले, “हरलो.” त्यांनी वापरलेला शब्द ‘नाम्’ होता.