अपुऱ्या यात्रेचे मोल

हाती घेतलेले कार्य तडीस न नेणारा मनुष्य आदरास पात्र ठरू शकतो काय? आपल्या संस्कारांचे उत्तर बहुधा नकारार्थी येईल. भर्तृहरीने नीतिशतकात माणसांच्या तीन प्रती सांगितल्या आहेत. विघ्नांच्या भयाने आरंभच न करणारे ते नीच, विघ्न येताच थांबणारे ते मध्यम आणि वारंवार विघ्ने येऊनही आरंभिलेले न सोडणारे ते उत्तम. ही विभागणी इतकी नेटकी आहे की तिच्यात न बसणारा मनुष्य भेटला म्हणजे विचार करणे भाग पडते.

एस्टोनियाचा निवृत्त सायकलपटू यान किर्सिपू हा असा मनुष्य होय. त्याचा जन्म १९६९ साली तार्तू येथे झाला. १९९१ मध्ये एस्टोनिया सोव्हिएत सत्तेतून मुक्त झाला आणि पुढच्याच वर्षी किर्सिपू व्यावसायिक शर्यतींत उतरला. तेथे त्याने शंभराहून अधिक विजय मिळविले. ‘टूर द फ्रान्स’ ही सुमारे तीन आठवड्यांची, साडेतीन हजार किलोमीटरांच्या आसपासची शर्यत. तिचे चार टप्पे त्याने १९९९, २००१, २००२ आणि २००४ या वर्षी जिंकले. १९९९ मध्ये तर अग्रस्थानाचा पिवळा अंगरखा सहा दिवस त्याच्या अंगावर होता. मात्र या शर्यतीत तो एकूण बारा वेळा उतरला आणि एकदाही पॅरिसपर्यंत पोहोचला नाही.

कारण गूढ नाही. सपाट रस्त्यावर अखेरच्या काही शे मीटरांत विजेसारखी झेप घेणारे भारदस्त शरीर आल्प्स-पिरेनीजच्या चढणीवर ओझे होते. शिवाय विजेत्याच्या वेळेवरून ठरणाऱ्या मुदतीत न पोहोचणारा स्पर्धक बाद होतो.

येथे आक्षेप येईल, आणि तो हलका नाही. त्याच्यासारखीच देहयष्टी असलेले कित्येक जण वेदना सोसत पॅरिस गाठतात. सर्वांत शेवटी पोहोचणाऱ्यालाही लोक प्रेमाने टाळ्या देतात. मग किर्सिपूला सवलत का द्यावी? सवलत देऊच नये. चिकाटीचे जे श्रेय त्यांचे आहे ते त्यांचेच राहो. परंतु सोडून देणे आणि मर्यादा ओळखणे यांत भेद आहे. शर्यतीतील प्रत्येक टप्पा स्वतंत्रपणे जिंकता येतो. जे त्याला साधण्यासारखे होते त्यात त्याने कसूर केली नाही, आणि डोंगर आपला नाही हे ठाऊक असूनही तो पुन्हा आरंभरेषेवर उभा राहिला. भर्तृहरीच्या मध्यम पुरुषाहून तो येथे वेगळा ठरतो. विघ्नापाशी तो थांबला खरा, पण विघ्नाच्या भयाने त्याने आरंभ टाकला नाही.

शेवट गोड तर सारे गोड, असे आपण म्हणतो. १९९९ ची ती शर्यत लान्स आर्मस्ट्राँगने पूर्ण केली आणि जिंकलीही. २०१२ मध्ये उत्तेजक द्रव्यांच्या प्रकरणी ते विजेतेपद काढून घेण्यात आले. यावरून अपूर्णता हा सद्गुण ठरत नाही. केवळ शेवट गाठणे हे मूल्यमापनाचे एकमेव माप नव्हे, एवढे मात्र ठरते.

किर्सिपू २०१२ पर्यंत, वयाच्या त्रेचाळिशीपर्यंत, शर्यतींत उतरत राहिला. सायकलशर्यतींचे चाहते आजही त्याचे चार विजय आणि बारा माघारी एकाच श्वासात सांगतात, आणि त्या सांगण्यात उपहासापेक्षा जिव्हाळाच अधिक असतो. आपल्यापैकी बहुतेकांची कार्ये अपुरीच राहणार आहेत. त्यांचा हिशेब करताना किती उरले याबरोबरच जेवढे केले ते कसे केले, आणि पुन्हा आरंभ करण्याचे धैर्य उरले की नाही, हेही विचारले पाहिजे.